तिसरी केबल मागवण्याआधी: एफटी-८५७ आणि लॅपटॉप एकमेकांशी का बोलत नाहीत

खानापूर तालुक्यातून, जांबोटीच्या पलीकडच्या एका गावातून हा प्रश्न आलाय. मजकूर थोडक्यात असा: सेकंडहँड याएसू एफटी-८५७डी हा हॅम रेडिओचा संच घेतला. ऑनलाइन मिळणारी यूएसबी कॅट केबल लावली (कॅट म्हणजे कॉम्प्युटरवरून रेडिओ चालवायची सोय), विंडोजच्या लॅपटॉपवर डब्ल्यूएसजेटी-एक्स हा डिजिटल संदेशांचा प्रोग्राम टाकला. पहिल्या दिवशी सगळं चाललं, रेडिओची फ्रिक्वेन्सी स्क्रीनवर दिसली. मग चाळीस मीटरच्या बँडवर (सात मेगाहर्ट्झच्या आसपास) एफटी-८ ह्या डिजिटल पद्धतीत पहिला सीक्यू, म्हणजे 'कुणी आहे का' अशी हाक, दिला आणि कनेक्शन तुटलं. तेव्हापासून 'टेस्ट कॅट'चं बटण लालच. लॅपटॉपचा दुसरा सॉकेट वापरून बघितला, ड्रायव्हर काढून परत घातला, दुसरी केबल मागवली, शेवटी रेडिओला फॅक्टरी रिसेट मारला. अँटेना म्हणजे कौलांवरून नेलेली लांब वायर, तिचं एक टोक खिडकीतून थेट खोलीत. "सर, तिसरी केबल घेऊ, की रेडिओचा पोर्टच गेला म्हणायचा?"

सर नको, काका म्हणा. बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, मशीनच्या इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करण्यात माझी तीस वर्षं गेली. त्या जुन्या मशीनना प्रोग्राम द्यायचा तो सीरियल पोर्टातूनच, एकामागून एक बिट. हॅम रेडिओ हा संध्याकाळचा उद्योग. दिवसा मशीन बोलत नाही आणि रात्री रिग (रेडिओचा संच) बोलत नाही, एकाच जातीचं भांडण मी दोन्हीकडे सोडवत आलोय. त्या अनुभवावर लिहितोय. तुमचा रेडिओ माझ्या टेबलावर नाही, हे मात्र ध्यानात ठेवा.

तुमच्या हकिगतीतलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात: पहिल्या दिवशी चाललं होतं. म्हणजे त्या दिवशी केबलच्या तारा बरोबर होत्या, सिग्नलची पातळी बरोबर होती, रेडिओचा पोर्ट जिवंत होता, वेग जुळलेला होता. नवीन जोडणीत माणसं ज्या चार गोष्टींवर महिना घालवतात, त्या तुम्हाला फुकटात बरोबर मिळाल्या होत्या. तुटलं ते ट्रान्समिट केल्यावर. हा झाला पहिला दोष. त्यानंतर तुम्ही सॉकेट बदलला, ड्रायव्हर बदलला, केबल बदलली आणि रेडिओची सेटिंगं पुसली. आज जे लाल दिसतंय ते ह्या चारांपैकी कुणाचं तरी काम असण्याची शक्यता जास्त. म्हणजे तुमच्याकडे एकावर एक बसलेले दोन दोष आहेत आणि तुम्ही दोघांना एकच समजून औषध शोधताय. पहिला दोष कदाचित मिनिटभरात आपोआप गेलाही असेल. दुसरा तुमच्याच हातचा आहे. रागावू नका, माझ्या हातनंही असे पुष्कळ झालेत.

आमच्याकडे एक कन्नड बोलणारे म्हातारे फिटर होते. कुणी पाना घेऊन मशीनकडे धावला की ओरडायचे, "मोदलु नोडी, आमेले माडी." आधी बघा, मग करा. आता आपण बघायचं काम करू.

सगळ्यात आधी रिसेटबद्दल. एफटी-८५७ मध्ये कॅटचा वेग मेनू क्रमांक १९ मध्ये असतो. तिथे ४८००, ९६०० आणि ३८४०० असे तीन पर्याय. कारखान्यातून येतो तेव्हा ४८००. आता विचार करा: सेकंडहँड रेडिओ, आधीच्या मालकाने ३८४०० ठेवलेलं असू शकतं, आणि चालू झालं तेव्हा तुमच्या प्रोग्राममध्येही तेच असणार, नाहीतर चाललंच नसतं. रिसेट मारल्यावर रेडिओ गुपचूप ४८०० वर गेला आणि प्रोग्राम ३८४०० वरच बसला. एक माणूस सावकाश बोलतोय, दुसरा आठपट घाईने, दोघांनाही वाटतं समोरचा मुका आहे. तुमच्या प्रोग्राममध्ये कोणता आकडा आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे खात्रीने सांगत नाही. पण पैज लावायची तर मी इथे लावेन.

शेजारचा मेनू क्रमांक २० पण बघा. मागचा कॅटचा जॅक हा रेडिओ तीन कामांना वापरतो: कॅट, लिनिअर अॅम्प्लिफायर (पॉवर वाढवणारा) आणि अँटेना ट्यूनर. तिथे 'कॅट' निवडलेलं नसेल तर तुम्ही सोन्याची केबल लावली तरी रेडिओ उत्तर देणार नाही. रिसेटनंतर ते आपोआप कॅटवर येतं. तरीही डोळ्यांनी बघा.

डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या सेटिंगमध्ये आता असं ठेवा: रिग एफटी-८५७, वेग ४८००, डेटा बिट आठ, स्टॉप बिट दोन, हँडशेक नाही. डीटीआर आणि आरटीएस ह्या इशाऱ्याच्या लाइन सक्तीने वर-खाली करण्याचे पर्याय मोकळे सोडा. स्टॉप बिट दोनच, एक नाही. सवयीने माणसं एक ठेवतात. आमच्या मशीनवर हाच आकड्यांचा खेळ वेगळा असायचा, सात डेटा बिट, इव्हन पॅरिटी, दोन स्टॉप, आणि नवीन पोराने त्यातला एक आकडा चुकवला की अख्खी शिफ्ट बसून. ४८०० हा वेग कमी वाटून तो वाढवायचा मोह होईल. नको. ह्या रेडिओची एक आज्ञा पाच बाइटची. स्टार्ट आणि स्टॉप धरून एकेका बाइटला अकरा बिट, म्हणजे सगळे मिळून पंचावन्न. ४८०० ला ते साडेअकरा मिलिसेकंदांत पोचतात. तेवढ्यात तुमची पापणीही लवत नाही.

पुढचा संशय पोर्टच्या नंबरावर. तुम्ही सॉकेट बदलला आणि केबलही. केबलमधल्या सीएच-३४० किंवा प्रोलिफिकच्या साध्या यूएसबी चिपला स्वतःचा अनुक्रमांक सहसा नसतो, म्हणून विंडोज तिला सॉकेटावरून ओळखतं. डावीकडे लावली तर कॉम-५, उजवीकडे लावली तर कॉम-७. एफटीडीआयच्या चिपला बहुधा अनुक्रमांक असतो, ती कुठेही लावा, नंबर तोच. तुमचा प्रोग्राम जुन्याच नंबराचं दार ठोठावत बसलाय का ते बघा. डिव्हाइस मॅनेजर उघडा, केबल काढा, परत लावा. जो नंबर जातो आणि येतो, तो तुमचा. एकच सॉकेट ठरवा आणि त्याच्यावर नेलपॉलिशचा ठिपका लावा. माझ्या लॅपटॉपवर लाल ठिपका आहे. बायकोने विचारलं तेव्हा उत्तर द्यायला जरा अवघड गेलं.

दुसरा एखादा प्रोग्राम तोच पोर्ट धरून बसला असेल तरी लालच दिसेल. सीरियल पोर्ट एका वेळी एकालाच मिळतो. लॉगिंगचं सॉफ्टवेअर, ओम्निरिग (रिग चालवणारा दुसरा प्रोग्राम), आधी उघडून विसरलेलं टर्मिनल, सगळं बंद करा. आणि केबल प्रोलिफिकची असेल, डिव्हाइस मॅनेजरमध्ये तिच्यापुढे पिवळं चिन्ह असेल, किंवा ही चिप २०१२ पासून बंद झालीय असा काहीतरी मजकूर दिसत असेल, तर दोष ड्रायव्हरचा. जुन्या आणि नकली चिप नवीन ड्रायव्हर मुद्दाम नाकारतो. जुन्या आवृत्तीचा ड्रायव्हर घातला की बहुतेक वेळा चालतं. ड्रायव्हर तुम्ही काढून परत घातलाय म्हणून हे लिहिलं. पोर्ट स्वच्छ दिसत असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

एवढं करून हिरवं झालं तर पुढचा मोजण्याचा भाग गाळा आणि थेट अँटेनाच्या गोष्टीवर जा, कारण ते परत तुटणार आहे. नाही झालं, तर अंदाज पुरे. मल्टिमीटर काढा.

माझी पद्धत एकच. साखळी मधोमध तोडायची आणि कुठला अर्धा भाग निरोगी आहे ते बघायचं. इथे साखळी अशी: प्रोग्राम, ड्रायव्हर, यूएसबीची चिप, तार, प्लग, जॅक, रेडिओ. मधोमध म्हणजे केबलचं रेडिओकडचं टोक, आठ पिनांचा तो गोल मिनी-डिन प्लग. तो रेडिओतून काढा. रेडिओच्या जॅकमध्ये कधीही तार खुपसू नका, तिथल्या एका पिनवर १३.८ व्होल्ट असतात. ते शेजारच्या पिनला लागले तर मग खरोखरच पोर्ट गेला म्हणायची वेळ येईल. सगळी मापं केबलच्या प्लगवर घ्यायची.

आधी ग्राउंडची पिन शोधा. केबल लॅपटॉपपासूनही सोडवा, मीटर बीपवर ठेवा, एक टोक यूएसबी प्लगच्या धातूच्या कवचाला आणि दुसरं एकेका पिनला. वाजेल ती ग्राउंड. काही स्वस्त केबलमध्ये कवच जोडलेलंच नसतं, तेव्हा यूएसबी प्लगमधल्या कडेच्या दोन पट्ट्यांपैकी ग्राउंडच्या पट्टीवर बघावं लागतं. आता केबल लॅपटॉपला लावा, मीटर वीस व्होल्ट डीसीवर, काळं टोक ग्राउंडला, लाल एकेका पिनवर. लॅपटॉपची बोलणारी पिन सापडेल. गप्प असताना तिच्यावर साधारण पाच किंवा ३.३ व्होल्ट दिसले पाहिजेत. दोन पिनांवर व्होल्टेज दिसलं तर गोंधळू नका, ऐकणाऱ्या पिनलाही चिपच्या आतून वरच्या बाजूला थोडी ओढ असते.

ह्याच मापात एक जुना सापळा पकडता येतो. मीटरने उणे पाच ते उणे बारा व्होल्ट दाखवले तर ती केबल आरएस-२३२, म्हणजे जुन्या सीरियल पोर्टच्या, पातळीची आहे. त्या पद्धतीत गप्प लाइन उणे असते, आणि टीटीएल, म्हणजे चिपच्या शून्य-ते-पाच व्होल्टच्या, पद्धतीत गप्प लाइन अधिक पाचवर. एक म्हणतो हो, दुसऱ्याला ऐकू येतं नाही. एफटी-८५७ चा जॅक टीटीएल पातळीचा आहे. नऊ पिनांचा यूएसबी कन्व्हर्टर घेऊन इंटरनेटवरच्या चित्राप्रमाणे त्याला थेट मिनी-डिन जोडणारे लोक मला दरवर्षी भेटतात. मध्ये मॅक्स-२३२ सारखी पातळी बदलणारी चिप नसेल तर ते चालत नाही आणि रेडिओला धोकाही आहे. तुमची पहिली केबल चालली होती म्हणजे ती सुटली. दुसरीची मात्र खात्री करून घ्या. 'रेडिओ केबल' ह्या एका नावाखाली विकणारे काहीही पाठवतात.

आता परतीची चाचणी, जिला आम्ही लूपबॅक म्हणतो. लवचीक वायरमधला एक बारीक धागा घ्या आणि बोलणारी पिन व ऐकणारी पिन एकमेकींना जोडा. पिना नाजूक असतात, चिमट्याने ओढाताण करू नका, धागा नुसता गुंडाळा. पुट्टी हा टर्मिनलचा प्रोग्राम उघडा, सीरियल निवडा, तुमचा कॉम नंबर, वेग कोणताही, फ्लो कंट्रोल नाही, लोकल एको बंद. धागा नसताना टाइप करा: स्क्रीनवर काही उमटायला नको. धागा लावून टाइप करा: प्रत्येक अक्षर उमटायला पाहिजे. जे पाठवलं ते प्लगपर्यंत जाऊन परत आलं. म्हणजे लॅपटॉप, ड्रायव्हर, चिप आणि अख्खी तार एका फटक्यात निर्दोष सुटली. अक्षर परत आलं नाही तर दोष अलीकडच्या बाजूला आहे आणि रेडिओला उगाच बोल लावत होतो असं ठरलं. दोन्ही केबलवर ही चाचणी करा, दहा मिनिटांचं काम. तिसऱ्या केबलच्या पैशाचा निर्णय इथेच होतो.

लूपबॅक नीट आला तर मग रेडिओला थेट विचारायचं, मध्ये डब्ल्यूएसजेटी-एक्स नको. त्याआधी अँटेना काढून डमी लोड (अँटेनाच्या जागी पॉवर गिळणारा रेझिस्टर) लावा आणि पॉवर सगळ्यात कमी करा. कारण सांगतो. ह्या रेडिओच्या पाच बाइटच्या आज्ञेत शेवटचा बाइट म्हणजे हुकूम. ०३ म्हणजे फ्रिक्वेन्सी सांग, आणि ०८ म्हणजे ट्रान्समिट चालू कर. वेग जुळत नसताना कचरा गेला आणि त्यातून चुकून ०८ तयार झाला तर रेडिओ आपणहून ट्रान्समिटवर जाईल. शिवाय काही केबलमध्ये आरटीएसच्या पायावर पीटीटी (ट्रान्समिटचं बटण) जोडलेली असते, नुसता पोर्ट उघडला तरी ट्रान्समिट चालू. क्वचित घडतं, पण अशा वेळी हात अँटेनाजवळ नको.

पुट्टीतून असे बाइट सहज पाठवता येत नाहीत, त्यासाठी रिअलटर्म घ्या. वेग ४८००, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, दोन स्टॉप. रेडिओ ७.०७४ मेगाहर्ट्झवर, यूएसबी मोडला. इथे यूएसबी म्हणजे अप्पर साइडबँड, केबलवाला नव्हे. आमच्या छंदात हा एक कायमचा घोळ आहे. आकडे सोळाच्या पद्धतीत पाठवायचे: ०० ०० ०० ०० ०३. उत्तर यायला पाहिजे: ०० ७० ७४ ०० ०१. नीट बघा, फ्रिक्वेन्सी साध्या आकड्यांत वाचता येते. पहिल्या चार बाइटमध्ये ००७०७४००, म्हणजे दहा हर्ट्झच्या हिशेबात ७.०७४ मेगाहर्ट्झ, आणि शेवटचा ०१ म्हणजे अप्पर साइडबँड. डायल फिरवून परत विचारा, आकडे बदलतील. रिग पहिल्यांदा असं स्वतःच्या तोंडाने बोलते तेव्हा मला अजून बरं वाटतं.

उत्तराच्या जागी वेडेवाकडे बाइट आले तर वेग चुकला. तुम्ही पाठवलेलंच जसंच्या तसं परत आलं तर ते उत्तर नव्हे, प्रतिध्वनी आहे: धागा काढायचा राहिला, किंवा प्लगमध्ये दोन पिना आपसात चिकटल्यात. अजिबात काही आलं नाही तर मेनू १९ आणि २० परत बघा, तिन्ही वेग करून बघा. प्रत्येक बदलानंतर रेडिओ बंद करून चालू करा. ही माझी सवय, पुस्तकी नियम म्हणून सांगत नाही.

तरीही गप्प असेल तर पोर्टवर शंका घेण्याआधी जॅकमध्ये टॉर्च मारून बघा. तुमच्या भागातला पाऊस मला माहीत आहे. जांबोटी-कणकुंबीकडे चार महिने कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, तिथे मिनी-डिनच्या पिना काय टिकणार? पितळावर हिरवट थर बसतो आणि संपर्क अर्धवट होतो. रेडिओ बंद ठेवून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला प्लग पाच-सात वेळा आत-बाहेर करा आणि वाळू द्या. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे मारू नका, नंतर त्यावर धूळ बसते. वाकलेली पिनही बघा. अंधारात मागे हात घालून प्लग दामटला की हमखास एक पिन वाकते.

आता तुमच्या पहिल्या दोषाकडे येतो. ट्रान्समिट केलं आणि तुटलं. माझ्या मते तुमच्या खोलीत रेडिओ लहरी मोकाट फिरतायत. कौलांवरून गेलेली वायर हे अँटेनाचं अर्धं अंग झालं. उरलेल्या अर्ध्यासाठी जमिनीत किंवा हवेत तार दिलेली नसेल, तर करंट परत यायला जी वाट मिळेल ती घेतो: कोअॅक्सची (अँटेनाकडे जाणाऱ्या गोल केबलची) जाळी, पॉवर सप्लायची वायर, यूएसबी केबल, लॅपटॉप. म्हणजे अँटेनाचा दुसरा अर्धा भाग तुमचा लॅपटॉपच. त्यात वायरचं टोक खोलीत, टेबलाशेजारी. यूएसबीची चिप गोंधळते, विंडोज तिला सोडून देतं, प्रोग्राम लाल होतो. केबल काढून लावली की परत येतं. पहिल्या दिवशी तुम्ही तेवढंच, त्याच सॉकेटात, करून बघितलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

पण हेही तपासून घ्यायचं. डमी लोडवर पूर्ण पॉवरने दहा-पंधरा सेकंद ट्रान्समिट करा. कनेक्शन टिकलं, तर दोष अँटेनातून येणाऱ्या लहरींचा. डमी लोडवरही तुटलं, तर पॉवर सप्लायकडे बघा. हा रेडिओ शंभर वॅटला २२ अँपिअरपर्यंत ओढतो. बारीक वायर किंवा थकलेली बॅटरी असेल तर व्होल्टेज बसतं आणि रेडिओच क्षणभर भान हरपतो. डमी लोडवर ठीक असेल तर अँटेना लावा आणि पाच वॅटपासून दहा, वीस, चाळीस असे चढत जा. कुठल्या पॉवरला तुटतं तो आकडा लिहून ठेवा. नंतर केलेल्या प्रत्येक उपायाचं माप त्याच आकड्यावर. तसंही एफटी-८ ला शंभर वॅट लावू नका, पंधरा सेकंदांच्या पाळीतले जवळपास तेरा सेकंद रेडिओ सलग ओढत असतो. पंचवीस-तीस पुष्कळ.

उपाय पैशाच्या क्रमाने सांगतो. फुकटचा पहिला: चाळीस मीटरसाठी दहा-साडेदहा मीटरची साधी वायर ट्यूनरच्या किंवा रेडिओच्या ग्राउंडला जोडून अंगणात पसरा, जमेल तर दोन. लहरीला परतीची वाट मिळाली की ती लॅपटॉपचा नाद सोडते. दुसरा: वायर जिथे जोडली जाते ती जागा खोलीबाहेर काढा, आत फक्त कोअॅक्स येऊ दे. तिसरा फेराइट, म्हणजे केबलवरून येणाऱ्या लहरी अडवणारं चुंबकीय कडं. जुन्या मॉनिटरच्या केबलवरचा गोळा कापून लावायचा सल्ला सगळे देतात, मीही देत होतो. तो गोळा बहुतेक वेळा वरच्या फ्रिक्वेन्सीसाठी बनवलेला असतो आणि तार त्यातून एकदाच जाते, सात मेगाहर्ट्झवर त्याचा जोर पडत नाही. ३१ क्रमांकाच्या मिश्रणाची मोठी रिंग घ्या, यूएसबी केबलचे पाच-सात वेढे तिच्यातून काढा, लॅपटॉपच्या जवळ. तशीच एक कोअॅक्सवर. केबल जितकी आखूड तितकी बरी, आणि स्वस्तातली एक्स्टेंशन तर नकोच.

अर्थिंगबद्दल मी थोडा जास्त बोलणार आहे, कारण इथे माझे हात पोळलेत. दोन पिनांचा चार्जर लावलेल्या लॅपटॉपच्या बॉडीवर अर्थच्या हिशेबात मीटर शंभराच्या आसपास एसी व्होल्ट दाखवतो. चार्जरमधल्या कपॅसिटरमधून झिरपणारा करंट असतो तो, जीवघेणा नाही, बोट फिरवलं तर झिणझिणतं तेवढंच. वर्षांपूर्वी एका कारखान्यात मी असा चार्जरवरचा लॅपटॉप चालू मशीनच्या पोर्टला लावला. प्लग शिरताना ग्राउंडच्या आधी सिग्नलची पिन टेकली, टिचकी मारल्यासारखा आवाज झाला आणि आतली १४८८ व १४८९ ही चिपची जोडी गेली. मालक शेजारी उभा होता. चिप स्वस्त होत्या, पण त्या मिळेपर्यंत मशीन दोन दिवस बंद. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला: केबल लावायची ती दोन्हीकडचं सगळं बंद असताना, लॅपटॉप बॅटरीवर ठेवून. तुमच्या रेडिओच्या मागे ग्राउंडचा स्क्रू आहे, तिथून जाड वायरने अर्थ जोडा. जुन्या घरात तिसऱ्या पिनमागे बऱ्याचदा काहीच नसतं, म्हणून आधी अर्थिंग आहे का ते वायरमनला तपासायला लावा. आणि मे महिन्यात वळीव गडगडायला लागला की अँटेनाबरोबर यूएसबी केबलही काढून ठेवा. वीज लांब पडली तरी एवढ्या लांब वायरीत जे उतरतं ते टीटीएलच्या पिनला पेलत नाही.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन शब्द, कारण रिग बदलली की तपशील बदलतो. आयकॉमची सीआय-व्ही, म्हणजे त्यांचं कॅट, ही एकाच तारेवरची चर्चा आहे, तिथे स्वतःचं बोलणं परत ऐकू येणं हे नॉर्मल, दोष नाही. मात्र रेडिओचा पत्ता जुळला पाहिजे, आयसी-७३०० चा ९४, आयसी-७१८ चा ५ई. ७३०० ला तर आतच यूएसबी चिप आहे, केबल प्रिंटरचीच लागते. केनवुडच्या टीएस-४८० आणि टीएस-२००० ला मागे खरोखरचा नऊ पिनांचा आरएस-२३२ पोर्ट असतो आणि आज्ञा साध्या अक्षरांत. पुट्टीत आयडी आणि अर्धविराम टाइप केला की टीएस-२००० म्हणतो ०१९, टीएस-४८० म्हणतो ०२०. तिथे आरटीएस वर नसेल तर रेडिओ रुसून बसतो. उबंटू २२.०४ वर सीएच-३४० ची केबल लावताच गायब होत असेल, तर ब्रेल डिस्प्लेसाठीचा बीआरएलटीटीवाय नावाचा प्रोग्राम ती पळवतो, त्याला काढा.

आणि काका म्हणून एक सांगतो. एफटी-८ ला कॅट लागतंच असं नाही. तुमचा आवाज सहा पिनांच्या वेगळ्या डेटा जॅकमधून जातो, त्याचा ह्या भांडणाशी संबंध नाही. प्रोग्राममध्ये सिग्नलचा धबधबा (वॉटरफॉल) दिसतोय ना, मग ती बाजू ठीक आहे. डब्ल्यूएसजेटी-एक्समध्ये रिग 'नन' ठेवा, पीटीटी व्हॉक्सवर (आवाज आला की आपोआप ट्रान्समिट) किंवा इंटरफेसवर, डायल हाताने ७.०७४ वर लावा आणि बोलायला लागा. मी पहिले काही महिने असंच केलं. फक्त बँड बदलला की प्रोग्राममध्येही बदलायला विसरू नका, नाहीतर लॉगमध्ये भलताच बँड चढतो.

तर करायचं ते ह्या क्रमाने: प्रोग्राम ४८०० आणि दोन स्टॉप बिटवर, पोर्टचा नंबर खरा, मेनू १९ व २० डोळ्यांनी. लाल राहिलं तर लूपबॅक, मग रिअलटर्ममधून ०३. हिरवं झालं तर डमी लोड, मग अँटेना पाच वॅटपासून वर. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. माझ्याकडे उद्यमबागेतल्या दिवसांपासूनच्या अशा अकरा वह्या आहेत.

मला परत लिहाल तेव्हा तीन गोष्टी कळवा: लूपबॅकला दोन्ही केबलनी अक्षर परत दिलं का, ०३ ला नेमके कोणते बाइट आले, आणि किती वॅटला तुटतं. लूपबॅक नीट, तिन्ही वेगांना रेडिओ गप्प, पिना स्वच्छ, असं निघालं तर मात्र पोर्टची तुमची शंका खरी धरावी लागेल. तेव्हा रेडिओ, दोन्ही केबल आणि पॉवर सप्लाय घेऊन रविवारी सकाळी बेळगावला या. लॅपटॉप नाही आणला तरी चालेल, लाल ठिपक्याचा माझा आहे.